मर्जी विचारणाऱ्या अक्का

डॉ. सिंधू बैसाणे माझ्या घरी पहिल्यांदा आल्या त्या मे महिन्यातल्या भर दुपारी. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो हातात घ्यायच्या आधी त्यांनी पिशवीतून पिस्तुलासारखी एक वस्तू काढली आणि आमच्या दिवाणखान्याच्या छतावर रोखली. बायको दोन पावलं मागं सरली.

"घाबरू नका, तापमान बघतेय," त्या म्हणाल्या. मग ती वस्तू भिंतीवर रोखली, खिडकीवर, फरशीवर, शेवटी पलंगावर. "सर, तुम्ही झोपता कुठं?"

"इथंच."

"उन्हाळ्यात पलंग त्या उत्तरेच्या भिंतीला न्या. इथं तुम्ही भाजून निघता आणि तिथं गारवा रिकामा पडलाय."

आम्ही पलंग हलवला. धुळ्यातल्या देवपूरच्या त्या घरात तो आजही उत्तरेच्या भिंतीलाच आहे.

त्या गुरांच्या डॉक्टर. धरणगावच्या. बौद्ध कुटुंबातली मुलगी. आईबरोबर कापूस वेचत शाळा केली, शिष्यवृत्तीवर पशुवैद्यकीय शिकली आणि सरकारी नोकरीतली बरीच वर्षं खानदेशातल्या गावागावांतल्या गाई-म्हशी-शेळ्यांमध्ये घालवली. नोकरीच्या उत्तरार्धात त्यांची नेमणूक धुळ्याबाहेरच्या एका वन्यप्राणी केंद्रावर झाली. जखमी, पकडलेले, तस्करांकडून सोडवलेले प्राणी तिथं येत. बरे होणारे जंगलात परत जात. ज्यांना सोडणं शक्य नव्हतं असे काही कायमचे राहत, आणि तेवढा भाग शाळेच्या सहलींना पाहायला खुला असे. मी देवपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि शनिवारी विद्यार्थ्यांना तिकडं न्यायचो. एवढाच माझा संबंध. बाकी जे सांगतोय ते कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलेलं.

सुती साडी, तिच्यावर पांढरा अंगरखा, पायात मुलांचे असतात तसे खेळाचे बूट, असा त्यांचा वेश. केंद्रावर सगळे त्यांना अक्का म्हणत. साहेबलोकांशी त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत आणि प्राण्यांशी अहिराणीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "खोटं बोलायचं नसलं की मला अहिराणीच सुचते."

केंद्रावर आल्या आल्या त्यांनी जे केलं त्याची गोष्ट तिथले राखणदार दगाभाऊ पुढं कितीतरी दिवस सांगत. नव्या डॉक्टरीणबाई औषधांचं कपाट उघडतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या थेट अजगराच्या खोलीकडं गेल्या. एका डोळ्यानं आंधळा झालेला मोठा अजगर तिथं होता. समोर काच, मागं भिंती, खाली फरशी, कोपऱ्यात पाण्याची थाळी. दगाभाऊंना अजगर धरायला लावून त्या आत शिरल्या, फरशीवर मांडी घालून बसल्या आणि बसूनच राहिल्या. मग कुशीवर आडव्या झाल्या. बाहेर सहलीची पोरं उभी होती. त्यांनी काचेवर टकटक केलं. अक्का दचकल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी दगाभाऊंना अजगराचं तोंड दाखवलं. नाकाचा शेंडा सोलवटून लाल झाला होता. आधीच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं. लावलं की बरं व्हायचं, पुन्हा सोलवटायचं.

"दिवसभर काचेवर नाक घासतो ना?"

"हो. सवयच शे त्यानी."

"सवय नाही. कंटाळा आहे, आणि भीती आहे."

दगाभाऊ हसले. "अक्का, सापले काय कटाळा येस का?"

तेव्हा अक्का अहिराणीत उतरल्या. "तुले एक खोलीम्हा कोंडी दिधं, येळवर भाकर दिधी, तं तू काय करशी?"

"झोपसू."

"पहिला दिन झोपशी. मंग?"

दगाभाऊंनी खरोखर विचार केला. "मंग दार देखसू."

"हाऊबी दारच देखी राहिना शे," अक्का म्हणाल्या. हाही दारच शोधतोय.

पुढच्या काही दिवसांत त्या खोलीचं रूप पालटलं. काचेच्या खालच्या पट्ट्याला बाहेरून मातीचा रंग दिला. आत सुकी पानं, चढायला आडवी-तिडवी लाकडं, अख्खं अंग बुडेल असं टाकं. लपायच्या जागा दोन, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. मी विचारलं, एक पुरली नसती का? "एकच असली तर त्याला लपणं आणि ऊब यातलं एक निवडावं लागतं," त्या म्हणाल्या. "थंडी वाजली तरी लपायचं म्हणून तो गारठ्यात बसेल. त्याची मर्जी चालेल अशी सोय पाहिजे. तुरुंगात माणसाचं सगळ्यात आधी काय जातं? मर्जी जाते."

मर्जी हा त्यांचा शब्द. दिवसातून कितीदा तरी तो तोंडात यायचा. केंद्राचे प्रमुख पवारसाहेब सुरुवातीला त्यावर चिडत. पवारसाहेब वाईट माणूस नव्हते. केंद्र चालवायचं म्हणजे वरिष्ठ खूश हवेत आणि पाहायला येणारे खूश हवेत, हे त्यांचं रोजचं ओझं होतं. अजगराचं नाक बरं झालं, पण तो आता पानांत दडून बसू लागला आणि सहलींचे शिक्षक तक्रार करू लागले की साप दिसत नाही.

"मॅडम, मुलं लांबून येतात. रिकामी खोली बघून जातात," पवारसाहेब म्हणाले.

अक्कांनी काचेवर पाटी लावली: 'साप लपलेला आहे. तो मजेत आहे. न बोलता थांबलात तर कदाचित दिसेल.'

त्यानंतरच्या शनिवारी मी माझे विद्यार्थी घेऊन गेलो, तर असोद्याच्या शाळेची मुलं काचेसमोर मांडी घालून बसली होती. एवढी पोरं आणि चकार शब्द नाही. बऱ्याच वेळानं पानं हलली आणि एक चपटं डोकं हळूच वर आलं. एका मुलीनं शेजारणीचा हात घट्ट धरला, तेवढंच. पवारसाहेब ऑफिसच्या दारातून बघत होते. पाटीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

पण त्यांना खरं बदललं ते एका घोरपडीनं. अक्का येऊन पहिला उन्हाळा सुरू झाला होता. घोरपडींच्या पिंजऱ्यावर पत्रा होता आणि खाली सिमेंट. अक्कांनी पत्र्यावर कडब्याचं छप्पर आणि खाली खणता येईल अशी माती मागितली होती. मागणी मंजुरीच्या रांगेत होती. खानदेशातला मे कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. एका दुपारी दगाभाऊंना एक घोरपड कोपऱ्यात निपचित सापडली.

अक्कांनी स्वतः तिचं शवविच्छेदन केलं. हात धुऊन त्या पवारसाहेबांच्या खोलीत गेल्या. मी तिथं चहा पीत बसलो होतो. साहेबांचा डबा उघडा होता.

"म्हातारी झाली होती का हो?" साहेबांनी विचारलं.

"तरणी होती," अक्का म्हणाल्या. "ती मेली नाही साहेब. ती शिजली."

पवारसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मग साहेब उठले, टोपी घातली आणि त्या उन्हात पिंजऱ्यांकडं गेले. अक्का मागोमाग. त्यांनी ती तापमानाची बंदूक साहेबांच्या हातात दिली. साहेब एकेका पत्र्यावर, एकेका फरशीवर ती रोखत गेले. परत आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. संध्याकाळपर्यंत कडबा आला. मंजुरी मागाहून आली.

पुढं मी त्यांना वाद घालताना क्वचितच पाहिलं. वाद घातला तो कोर्टात, कासवांसाठी.

ती चांदणीसारखी नक्षी असलेली कासवं. एका बसमध्ये कुणाच्या तरी थैलीत, मोज्यांत कोंबलेली सापडली. खटला उभा राहिला आणि कासवं झाली पुरावा. निकाल लागेपर्यंत जशीच्या तशी सांभाळायची, असा हुकूम घेऊन ती प्लास्टिकच्या पाटीत केंद्रावर आली. पाटीत ती खातही नव्हती, हलतही नव्हती. अक्कांनी मागच्या अंगणात मुरूम पसरला, गवत लावलं, निवडुंगाची बेटं आणून रोवली, दगडांच्या कपारी केल्या. केंद्रावर येताना त्या देवपूरच्या ओळखीच्या घरांतून जास्वंदीची फुलं मागून आणायच्या आणि ती रोज वेगवेगळ्या ठिकाणी लपवायच्या. "एका जागी ताटात वाढलं तर चालतील कशाला? शोधू देत की." दुपार कलली की झारी घेऊन अंगणावर पाणी शिंपडायच्या. ते शिंतोडे अंगावर पडले की कपारीतून एकेक डोकं बाहेर यायचं आणि सगळी कासवं चालायला लागायची. मी पुस्तकातून शिकवलेलं होतं की पावसाच्या सरीनं ही कासवं हालचाल करतात. झारीनं चालताना तिथंच पाहिलं.

वेळ जात होता आणि खटला रेंगाळत होता. शेवटी अक्कांनी सरकारी वकिलांमार्फत अर्ज केला की कासवांचे फोटो आणि मोजमापं पुरावा म्हणून ठेवावीत आणि कासवांना त्यांच्या मूळ प्रदेशात जाऊ द्यावं. सुनावणीला मी गेलो होतो. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. त्यांना खटला लांबवायचा होता, हे उघड होतं.

"डॉक्टर, कासवं जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"अंगण आहे, फुलं आहेत. तुमच्याच सांगण्याप्रमाणे उत्तम व्यवस्था आहे. मग घाई कशाची? का ती तुमच्याकडं दुःखी आहेत?" कोर्टात थोडं हसू पिकलं. "कासव आनंदी आहे की दुःखी, हे तुम्हाला कसं कळतं?"

अक्का रागावल्या आहेत असं मला वाटलं, पण त्या नीट उत्तर शोधत होत्या.

"आनंदाचं मला माहीत नाही," त्या न्यायाधीशांकडं बघून म्हणाल्या. "ते कळतं असं मी म्हणणार नाही. पाटीत होती तेव्हा ती चालत नव्हती. अंगणात आल्यावर चालायला लागली. आता ती अंगणाच्या भिंतीला लागून चालतात. रोज, एकाच दिशेला. मी तिथं झुडपं लावली, वाट बदलून पाहिली. माझ्याकडं होतं ते सगळं करून झालं, साहेब. यापुढं त्यांना जे हवंय ते माझ्या अंगणात नाही."

हसू थांबलं होतं. न्यायाधीशांनी निर्णय राखून ठेवला.

आम्ही रिक्षानं परतलो. पांझरा नदीचा पूल ओलांडला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मी माझ्याच अंगणाची निंदा करून आले."

"निंदा कुठं? खरं बोललात."

"हो. पण मराठीत बोलले," म्हणाल्या आणि हसल्या.

कोर्टाचा निर्णय यायला वेळ लागला. त्या मधल्या काळात मगरीचं काम झालं, आणि त्यांचं नाव खानदेशाबाहेर गेलं ते त्यामुळं.

मगर केंद्रावरची सगळ्यात जुनी. खालचा जबडा जन्मापासून वाकडा, त्यामुळं नदीत ती शिकार करू शकली नसती. पिल्लू असताना कुणीतरी आणून दिली होती आणि तेव्हापासून ती सिमेंटच्या टाकीत होती. टाकी तेवढीच राहिली, मगर वाढली. तिला वळायचं झालं तर आधी शेपूट दुमडावी लागे. पोटाखालची कातडी सिमेंटनं खरवडलेली. अक्का रोज टाकीच्या काठावर जाऊन विचारत, "काय वं माय, कशी शे?" आणि दगाभाऊ सांगत, "जित्ती शे." अक्का म्हणत, "जित्ती शे, एवढं पुरं नही."

केंद्रामागं मोकळी जागा होती. पवारसाहेबांच्या मनात तिथं पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचा होता. एक दिवस त्यांनी स्वतःहून अक्कांना बोलावलं आणि म्हणाले, "गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील. घ्या जागा." मगरीसाठी तळं खणलं गेलं. पूर्वेकडं मातीचा उतरता काठ, एका बाजूला खोल पाणी, एका बाजूला उथळ, करंजाची सावली, चहूबाजूंनी भक्कम जाळी. टाकीची एक भिंत तोडून तिथं दार बसवलं, म्हणजे मगर आपली आपण तळ्यावर जाईल.

उद्घाटनाला वनखात्याचे मोठे साहेब आले. मांडव, हार, फीत. फीत कापली, दार उघडलं. मगर टाकीतच. सगळे थांबले. मगर हलली नाही. दगाभाऊंनी हळूच विचारलं, दोर लावून ओढू का. अक्का नाही म्हणाल्या. मोठे साहेब घड्याळ बघू लागले.

"मगर कुठंय, डॉक्टर?"

"टाकीत आहे, साहेब. दार उघडं आहे."

"मग ती येत का नाही?"

"तिनं दुसरं काही पाहिलेलंच नाही. भीती वाटत असेल. आपण बोलावलंय, पण यायचं कधी ते तिनं ठरवायचं."

पवारसाहेबांचा चेहरा उतरला होता. मोठे साहेब चहा घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं की तळं झालं, पण मगर येईना. शहरात लोक त्यावर हसले. अक्कांनी ती बातमी वाचली आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय."

दार उघडंच राहिलं. काही दिवसांनी मगरीचं तोंड दारात दिसू लागलं. मग पुढचे पाय. मग परत मागं. दगाभाऊ रोज मला फोनवर सांगत, आज एवढी बाहेर आली, आज आलीच नाही. मी तिथं होतो तो दिवस ढगाळ होता. आम्ही करंजाखाली बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होतो. दगाभाऊ बोलता बोलता थांबले.

"अक्का. ती चाली राहिनी."

मगर दारातून बाहेर आली होती, आणि ती सरपटत नव्हती. चारही पाय ताठ करून, पोट जमिनीपासून वर उचलून, पूर्ण अंगानं चालत होती. टाकीत तिला कधी तेवढी जागाच मिळाली नव्हती. तिला असं चालता येतं, हे दगाभाऊंनीसुद्धा इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ती काठापर्यंत गेली, मातीला नाक लावलं आणि आवाज न करता पाण्यात उतरली. मागं नुसती वर्तुळं राहिली.

अक्कांच्या हातातला घास हातातच होता. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. शेतात विहिरीला पाणी लागलं की घरची बाई जशी दिसते तशा.

बातमी कळताच पवारसाहेब धावत आले आणि म्हणाले, "उद्याच टाकी फोडून टाकू."

"नको," अक्का म्हणाल्या. "तिला परत जावंसं वाटलं तर?"

टाकी तशीच राहिली, दार उघडं. मगर पुन्हा आत गेली नाही. त्या हिवाळ्याच्या शेवटी तिनं पूर्वेच्या काठावर मागच्या पायांनी खणायला घेतलं. खड्डा केला, अंडी घातली, माती लोटली आणि वर पडून राहिली. दगाभाऊ जवळ गेले तर तिनं जबडा उघडून फुत्कार टाकला. नर नसल्यामुळं अंडी फलणारी नव्हती, हे अक्कांना माहीत होतं. पाहायला आलेल्या एका पत्रकारानं ते ऐकून विचारलं, "म्हणजे सगळं वायाच की?"

"खड्डा तिनं खणला ना," अक्का म्हणाल्या. "तिला कुणी शिकवलं होतं? सिमेंटमध्ये एवढी वर्षं ते तिच्यात तसंच होतं. आपण फक्त माती दिली."

त्या महिन्यात टाकी फोडली. पहिला घण पवारसाहेबांनी घातला. पुढं इतर केंद्रांवरचे लोक ते तळं बघायला येऊ लागले, आणि पवारसाहेब प्रत्येकाला सांगत, "हे आमच्या अक्कांचं काम." 'आमच्या' या शब्दावर ते जरा थांबत.

अक्का निवृत्त झाल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कोर्टाचा हुकूम आला. कासवांना जाऊ द्या. तपासण्या झाल्या, शेजारच्या राज्याच्या वनखात्याशी बोलणी झाली. केंद्रावर आता नवे डॉक्टर होते आणि कासवांबरोबर ते जाणारही होते, तरी पवारसाहेबांनी अक्कांना फोन केला. "तुम्ही नसलात तर गाडी निघणार नाही."

निवृत्तीनंतर त्या वर्षभर देवपूरलाच होत्या. मग पुण्याला मुलीकडं राहायला गेल्या. फोन व्हायचे. गेल्या हिवाळ्यात मुलीचाच फोन आला. झोपेतच गेल्या, फार त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. दगाभाऊंना सांगायला मी केंद्रावर गेलो, तर ते तळ्याकाठी उभे होते. त्यांना आधीच कळलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र अक्कांचं जे रूप राहिलंय ते त्या गाडीतलं. पहाटेची वेळ, गाडी केंद्राच्या फाटकाशी सुरू होऊन उभी. मागं हवेशीर पेट्यांत गवतावर कासवं. सगळे जमलेले. पवारसाहेबांनी नारळ फोडला. अक्कांनी त्या दिवशी पांढरा अंगरखा घातला नव्हता, निळी इरकली नेसल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, लग्नाला निघाल्यासारख्या दिसताय."

"सासरी पाठवणी नाही सर ही," त्या म्हणाल्या. "माहेरी पोचवायला चाललेय."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. गाडी हलली. आम्ही हात हलवत होतो, दगाभाऊ तर रस्त्यापर्यंत मागं गेले. अक्कांनी आमच्याकडं पाहिलं नाही. त्या सीटवर मागं वळून, गुडघा वर घेऊन, पेट्यांच्या जाळीतून आत बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. काचा बंद असल्यामुळं त्या काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही. अहिराणीतच बोलत असणार. गाडी सुरतेच्या रस्त्याला लागली, आणि उजाडत गेलं.